लीलाधर नानांचे दहा टक्के

लीलाधर नानांच्या पलंगाखालच्या लोखंडी पेटीत एकूण त्रेचाळीस पुस्तकं निघाली. सगळी नानांनीच लिहिलेली. त्यांतली दोन वाळवीने खाल्ली होती. कव्हर शाबूत आणि आत माती. नऊ पुस्तकांची शेवटची पानं गायब होती. कवितेच्या पुस्तकाचं शेवटचं पान गेलं तर फारसं बिघडत नाही, पण या रहस्यकथा होत्या. म्हणजे नऊ खुनी गेली पन्नास वर्षं खानदेशात मोकळे फिरत होते. राहिली बत्तीस. पुस्तकांखेरीज पेटीत डांबराच्या गोळ्या, चष्म्याची एक काडी आणि एक वाळलेली पाल एवढा ऐवज होता.

मयुरीने ही मोजणी दोनदा केली. जळगावच्या एमआयडीसीत बियाणं तपासायच्या एका प्रयोगशाळेत ती नोकरीला होती, आणि तिथे एकदाच मोजलेल्या वस्तूला मोजलेली म्हणत नाहीत.

नाना म्हणजे मयुरीचे आजोबा. पाटबंधारे खात्यात चाळीसगावला कारकुनी करता करता त्यांनी साठ रहस्यकथा लिहिल्या. नायक कायम एकच, गुप्तहेर वज्रनाभ. हा वज्रनाभ मुंबईला कधी गेला नाही, कारण नानाच फारसे गेले नव्हते. ‘गिरणेकाठची किंकाळी’, ‘मेहुणबाऱ्याचा मुखवटा’, ‘केळीच्या बागेतलं प्रेत’ असे त्याच्या वाट्याला येणारे सगळे खून आसपासच पडत, आणि तो तपासाला एसटीने जाई. चाळीसगावच्याच एका छापखान्यात ही पुस्तकं छापली जात, स्टेशनावर नि स्टँडवर विकली जात, आणि वाचून झाली की बाकावर सोडून दिली जात. पुढे छापखाना बंद पडला, घरोघरी टीव्ही आला आणि वज्रनाभ निवृत्त झाला. त्याला पेन्शन नव्हती.

नाना ओळखले जात ते मात्र या साठ पुस्तकांमुळे नव्हे. एका वाक्यामुळे.

ती हकिकत कॉलनीत सगळ्यांना पाठ होती. धुळ्याला एका सभागृहात साहित्यावर व्याख्यान चाललं होतं. व्याख्याते प्राध्यापक होते आणि त्यांचा आवाज माईकची गरज नसलेला होता. ते म्हणाले, रहस्यकथा हा प्रकार नव्वद टक्के भुसा असतो. सभा हसली. तेव्हा मागच्या रांगेतून नाना उठले आणि शांतपणे म्हणाले, “बरोबर आहे सर. पण नव्वद टक्के भुसा तर सगळ्यातच असतो.” सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. काहींच्या सांगण्यात ती पडतही असे.

नानांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. कॉलनीच्या रहिवासी मंडळाचे सचिव भूपेंद्रकाका यांनी ठरवलं की हे वाक्य ओपन स्पेसमधल्या वाचनालयाच्या भिंतीवर दोन फुटी अक्षरांत रंगवायचं. खाली नानांचं नाव आणि वाक्य कधी, कुठे उच्चारलं त्याची माहिती. भूपेंद्रकाका गेली चौदा वर्षं सचिव होते, कारण ते पद दुसरं कोणी घेत नसे. त्यांनी पेंटर सांगून टाकला, भिंतीला प्रायमर मारून घेतला, आणि मग परवानगीचा विचार केला. आपल्याकडे कामं याच क्रमाने होतात.

परवानगी आणायला मयुरीला पाठवण्यात आलं. शिकलेली म्हणून. ओपन स्पेस सरकारी, तेव्हा भिंतही सरकारी. कार्यालयातल्या साहेबांनी अर्ज वाचला, मग चष्मा काढून परत वाचला.

“वाक्य कोणाचं?”

“आमच्या आजोबांचं.”

“पुरावा?”

“पुरावा कसला? ते बोलले होते.”

“मॅडम, बोलतात सगळेच. उद्या दुसरा कोणी अर्ज घेऊन आला की हे वाक्य माझं, तर मी भिंत कोणाच्या नावावर धरायची?” साहेबांचा प्रश्न तसा तर्कशुद्ध होता आणि मयुरीला तर्कशुद्ध प्रश्नांपुढे नेहमी हार मानावी लागे. “तेव्हा हजर असलेल्या एका माणसाचा जबाब आणा. सही नि तारखेसकट. आणि ‘भुसा’ शब्दाला कृषी विभागाची हरकत नाही ना, तेही बघावं लागेल.”

मयुरी घरी परतेपर्यंत कॉलनीला सगळं कळलं होतं आणि सल्ले तयार होते. शेजारचे सुकदेवकाका म्हणाले, ती सभा धुळ्याला नव्हतीच, जामनेरला होती, बाजार समितीच्या आवारात. आणि आकडा नव्वद नव्हता, पंच्याण्णव होता. त्यांच्या मते पाच टक्के नानांनी नंतर मोठ्या मनाने सोडून दिले. भूपेंद्रकाकांना वर्ष आठवत होतं, पण दर वेळी वेगळं. प्रत्यक्ष नानांना विचारलं तर त्यांनी भिंतीकडे बघत एवढंच सांगितलं, “धुळ्याच्या हिलालभाऊला विचार. त्याला माझ्यापेक्षा जास्त आठवतं.”

एखाद्या माणसाला स्वतःच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या प्रसंगाविषयी दुसऱ्याला विचारा असं का म्हणावंसं वाटतं, हा प्रश्न मयुरीने मनात नोंदवला. रविवारी एरंडोल, पारोळा करत ती धुळ्याला पोचली.

देवपुरात राहणारे हिलालभाऊ नानांचे नोकरीतले मित्र. वय नानांएवढंच, दात नानांपेक्षा कमी, आवाज मात्र कालव्यावर हाका मारून तयार झालेला.

“ये व माय, बस. पहिले जेवी ले. पोट भरेल ऱ्हायनं म्हणजे साक्ष पक्की ऱ्हास,” ते म्हणाले, आणि खानदेशी झणझणीत फौजदारी डाळ नि भाकरीचं ताट समोर आलं. मयुरी जेवली. ते समोर बसून ती जेवतेय की नाही यावर लक्ष ठेवत राहिले. हात धुतल्यावर तिने वही काढली आणि विचारलं, ती सभा धुळ्यालाच ना?

“धुळालेच. मी बाजूलेच बसेल व्हतू.”

“आणि नाना उठले?”

“उठनात. हाई खरं शे.”

“आणि मग बोलले.”

हिलालभाऊंनी सुपारी कातरायला घेतली. बराच वेळ कातरली.

“बोलनात नहीत,” ते म्हणाले. “पानी पिवाले उठनात. बठ्ठी सभा हासी ऱ्हायनी, आनि हाऊ मानूस मान खाले टाकीसन बाहेर निंघी गया. मीबी मांगेमांगे गऊ. चहावाला कडे उभा ऱ्हायनूत. अर्धा कप पिसन झाया, तवय बोलनात. नव्वद टक्का भुसा ते बठ्ठामाच ऱ्हास, हिलाल. असं. फक्त माले.”

“मग सभागृहात बोलले हे सगळीकडे कसं झालं?”

“मी सांगं.” त्यांना त्यात काही अपराध वाटलेला दिसत नव्हता. “मी बठ्ठा ऑफिसले सांगं. इतलं चांगलं बोलनं, आनि ते चहावालानी ऐकं. बरं वाटस का? मी ते उचलीसन आठून तठे ठेवं. पंधरा पावलंबी नहीत, माय.”

आणि मग त्यांनी जबाबावर सही करायची तयारी दाखवली. सभागृहातच बोलले अशी. मयुरीने वही मिटली. प्रयोगशाळेत नमुना एका पोत्यातून काढून दुसऱ्या पोत्यात ठेवणाऱ्याला कामावरून काढतात. पण हिलालभाऊंना काढायचं कशावरून, हा प्रश्न होता.

परतीच्या बसमध्ये तिने फोनवर ते वाक्य शोधलं. तारीख तरी कुठे छापली गेली असेल, कुणा जुन्या अंकात, एवढ्याच आशेने. तारीख मिळाली. पण ती धुळ्याच्या सभेच्या वीसेक वर्षं आधीची होती आणि सभा अमेरिकेतली होती. तिथल्या एका विज्ञानकथा लिहिणाऱ्या लेखकाला लोक म्हणत, विज्ञानकथा नव्वद टक्के टाकाऊ असते. तो म्हणाला, नव्वद टक्के टाकाऊ तर सगळंच असतं. आकडासुद्धा तोच. तिथेही ते पहिल्यांदा कुठे उच्चारलं यावर एकमत नव्हतं. कोणी व्याख्यानाचं नाव घेई, कोणी संमेलनाचं, आणि छापून आलं ते आणखी काही वर्षांनी. म्हणजे त्यालाही त्याचे हिलालभाऊ भेटले होते.

पारोळ्याला बस थांबली तेव्हा मयुरीच्या हातात दोन सत्यं होती. नाना सभागृहात बोललेच नव्हते. आणि जे बोलले ते आधी दुसऱ्याने बोलून झालं होतं. नानांनी ते कुठे वाचलं असण्याची शक्यता तिने तपासली. नानांचं इंग्रजी पाटबंधारे खात्याच्या पत्रव्यवहारापुरतं होतं, आणि कालव्याच्या गळतीत अमेरिकन लेखकांचा उल्लेख येत नाही. दोन माणसांना दोन खंडांत एकच टोचणी लागली होती आणि एकच उत्तर सुचलं होतं, एवढंच. पण हे दोन फुटी अक्षरांत लिहिता येत नाही.

घरी आल्यावर तिने नानांना सगळं सांगितलं. सांगू नये असं तिला वाटत होतं, पण मोजून झालेली गोष्ट लपवायची तिला सवय नव्हती. नाना व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं.

“हिलाल फार चांगला माणूस,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “त्या अमेरिकेतल्याला कोण काय बोललं होतं?”

“म्हणजे?”

“असं वाक्य माणूस उगाच बोलत नाही. आधी कोणीतरी हसलेलं असतं.”

“हसायचे लोक. त्याच्या लिखाणाला.”

नानांनी मान हलवली. जुन्या ओळखीच्या माणसाची खुशाली कळावी तशी. “आणि त्याचे दहा टक्के? ते सापडले का?”

मयुरीला आधी प्रश्नच कळला नाही.

“अगं, नव्वद भुसा म्हटल्यावर दहा दाणे आलेच ना. सापडले का त्याचे?”

“सापडले असावेत. लोक अजून वाचतात त्याला.”

“सुखी माणूस,” नाना म्हणाले.

आणि मग त्यांनी तिला जे सांगितलं ते घरात कोणाला ठाऊक नव्हतं. चाळीसगावच्या स्टेशनावर एकदा दुपारी ते कोणाला तरी सोडायला गेले होते. बाकावर एक माणूस त्यांचंच पुस्तक वाचत बसला होता. कागद आणि छपाई लांबून ओळखता आली. शेजारी त्याची पिशवी, पिशवीवर ठेवलेलं धुळ्याचं तिकीट. धुळ्याची पॅसेंजर लागली, शिट्टी झाली, गाडी सुटली. तो माणूस वाचत राहिला. गाडीचा शेवटचा डबा गेल्यावरही त्याने पान उलटलं. पुस्तक कुठलं ते नानांना दिसलं नाही, कारण त्याने कव्हर मागे दुमडून धरलं होतं.

“विचारायचं ना.”

“त्याची तंद्री मोडली असती.” नाना हसले. “साठ लिहिली, मयुरी. आपल्याच हिशेबाने सहा तरी बरी असतील. त्या सहांतलं एक त्याच्या हातात होतं. कुठलं, ते मला कळलं नाही. तुझ्या आजीला, कोकिळाला, प्रत्येक पुस्तकाची साफ प्रत करायला द्यायचो. साठच्या साठ वेळा ती म्हणाली, छान झालंय. भिंतीवर काय लिहायचं ते लिहा तुम्ही. मला ती सहा कळली असती तर बरं झालं असतं.”

भिंतीचा प्रश्न भूपेंद्रकाकांनी सोडवला. वाक्याची मालकी वादात आहे म्हटल्यावर त्यांनी पेंटरला थांबायला सांगितलं. पेंटर म्हणाला, प्रायमर सुकलाय, उद्या मला नशिराबादला काम आहे, काय ते आज सांगा. तेव्हा वाचनालयाच्या भिंतीवर दोन फुटी अक्षरांत ‘येथे वाहने उभी करू नयेत’ असं लिहिण्यात आलं. या वाक्याच्या मालकीचा पुरावा कोणी मागितला नाही.

मयुरीने मात्र पेटी ओढून बाहेर काढली. तिच्या दृष्टीने प्रश्न सोपा होता. बियाण्याच्या पोत्यात किती दाणे उगवणारे हे पोत्याकडे बघून कळत नाही. नमुना घ्यायचा, ओल्या कागदावर ठेवायचा आणि मोजायचं. बत्तीस पुस्तकांचे दहा टक्के म्हणजे तीन पूर्णांक दोन दशांश चांगली पुस्तकं. ते दोन दशांश पुस्तक कुठलं असेल याची तिला खरोखर उत्सुकता होती.

तिने बत्तीसही पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घातली, नाव झाकलं, फक्त आकडा टाकला, आणि ती कॉलनीत वाटली. वाचणाऱ्याने दहापैकी गुण द्यायचे. लेखक कोण हे कोणाला कळता कामा नये, हे तिने भूपेंद्रकाकांना बजावलं. त्यांनी लगेच कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं: ‘आपल्या नानांची पुस्तके गुप्तपणे तपासायची आहेत. कोणी कोणाला सांगू नये. सर्वांनी सहकार्य करावे.’ खाली सत्तावीस जणांनी नमस्काराचे हात जोडले.

आठवड्याने गुण आले. बत्तीसपैकी एकतीस पुस्तकांना दहापैकी दहा. सुकदेवकाकांनी अकरा दिले होते. त्यांच्याकडच्या पुस्तकाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती.

“काका, तुम्ही हे उघडलंसुद्धा नाही.”

“उघडायचं काय त्यात. ऐंशी वर्षांचा माणूस आहे. त्याला काय नऊ देऊ? बरं दिसतं का ते?”

प्रयोगशाळेत शंभरपैकी शंभर दाणे उगवले तर आनंद होत नाही, चौकशी होते. पण इथे चौकशी कोणाची करणार? हे लोक लग्नात जेवण कसं झालं म्हटल्यावर ‘फस्‌क्लास’ म्हणणारे होते, मग भात कच्चा असो. वडीलधाऱ्या माणसाला गुण द्यायची वेळ आल्यावर त्यांनी पाया पडायचं तेच केलं, फक्त आकड्यांत.

नानांनी कागद बघितला. “कोकिळासारखंच,” एवढंच म्हणाले, आणि तो घडी करून खिशात ठेवला. त्या दिवशी ते संध्याकाळचा चहा नको म्हणाले. मयुरीला वाटलं, आपण हे केलं नसतं तर त्यांना निदान कोणीतरी वाचेल अशी आशा तरी राहिली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या झुंबरबाई आल्या. त्या मूळच्या धुळ्याकडच्या, तोंडाने फटकळ. एका हातात खाकी कव्हरचं पुस्तक आणि दुसऱ्या हातात आतून बाहेरून काळं झालेलं पातेलं.

“नाना, हाई तुमनं पुस्तक. माले नको,” त्या दारातूनच म्हणाल्या. “मनं बठ्ठं दूध उतू गयं. घरमा आज चहा नही. मालक तसाच उपाशी ड्युटीवर गया. हाई पातेलं कोन घाशी? तुमना वज्रनाभ येवाव शे का?”

नाना खुर्चीतून उठले. “कुठल्या पानावर?”

“काय कोठला पानवर?”

“दूध गेलं तेव्हा कुठे आला होतात?”

“ती बाई इहीरमा डोकावस ना, तठे.”

“पण झुंबरबाई,” मयुरी म्हणाली, “तुम्ही तर याला कालच दहा दिले होते.”

“दहा ते वाचाना पहिलेच दिन्हात. सकाय गॅसजोडे उभी व्हतू, हात रिकामा, म्हनून उघडं. तठेच फसनू.” झुंबरबाई घुटमळल्या. पातेलं त्यांनी कमरेवर घेतलं. “मंग त्या इहीरमा कोन ऱ्हास?”

नानांनी आठवायचा प्रयत्न केला. साठ पुस्तकांत विहिरी पुष्कळ होत्या. “खरं सांगू? मला आठवत नाही.”

“तुमले आठवत नही आनि मनं दूध गयं,” असं म्हणून झुंबरबाईंनी पुस्तक पुन्हा काखेत मारलं आणि त्या निघून गेल्या.

नाना दारात उभेच राहिले. त्यांच्या साठ पुस्तकांच्या लेखनावर आलेला हा पहिला खरा अभिप्राय होता. नंतर त्यांनी दोन कप चहा घेतला.

मयुरीला मोजमाप सापडलं होतं. गुण खोटे बोलतात, दूध बोलत नाही. अडचण एकच झाली, ही गोष्ट झुंबरबाईंनी नळावर सांगितली. दुपारपर्यंत कॉलनीत दूध उतू जायची साथ आली. भूपेंद्रकाकांनी आपल्याकडे दोन लिटर गेल्याचं ग्रुपवर जाहीर केलं, फोटोसकट. फोटोत पातेलं कोरडं होतं. सुकदेवकाकांकडेही गेलं. सुकदेवकाका गेली कित्येक वर्षं काळा चहा पीत होते.

तेव्हा मयुरीने ठरवलं की नानांविषयी ज्याच्या मनात काडीचा आदर नाही असा माणूस शोधायचा. असा माणूस घरातच होता. नाना. आणि ते उत्तम होते, कारण पन्नास वर्षांनंतर त्यांना एकाही खुनाचा उलगडा आठवत नव्हता.

स्वयंपाकघरात गॅसजवळ खुर्ची मांडली गेली. अर्धा लिटर दूध, तेच पातेलं, आच मंद. नाना खाकी कव्हरचं पुस्तक वाचायला घेत. दूध वर आलं की त्यांनी स्वतःच गॅस बंद करायचा. मयुरीची आई मोहिनी हे बघून म्हणाली, “बासुंदी खायची असेल तर सरळ सांगा. आजोबा-नात मिळून नाटकं कशाला?” पण तिने दूध दिलं. सकाळी एक, संध्याकाळी एक अशी पुस्तकं सुरू झाली.

नानांसारखा कठोर वाचक मयुरीने पाहिला नव्हता. आठव्या-दहाव्या पानाला ते पुस्तक मिटत आणि म्हणत, “भुसा.” दूध वर येण्याआधीच त्यांचा हात गॅसच्या बटणावर असे. “खुनी दुसऱ्याच पानावर खोकलाय. खोकतो तो खुनी, ही माझी सवय होती.” पुढचं. “ही बाई रडतेय की कणीक मळतेय, कळत नाही.” पुढचं. “हे मी तापात लिहिलं असणार.” झुंबरबाईंचं विहिरीचं पुस्तकही त्यांनी वाचलं. विहिरीपर्यंत बरं म्हणाले, पण दूध वेळेत उतरवलं. झुंबरबाईंचं निरीक्षण मयुरीने खोडलं नाही, पण एका निरीक्षणाने निष्कर्ष निघत नसतो.

पहिले काही दिवस नाना हे हसत हसत करत. मग हसणं कमी झालं. मग ते ‘भुसा’ही म्हणेनात, नुसतं पुस्तक उजवीकडच्या ढिगावर ठेवत. डावीकडचा ढीग लहान होत गेला. घरात सगळे आटीव दूध पिऊन कंटाळले. डावीकडे पाच पुस्तकं राहिली तेव्हा नाना सकाळी स्वयंपाकघरात आलेच नाहीत. व्हरांड्यात बसून राहिले.

“पाच आहेत अजून,” मयुरी म्हणाली.

“राहू दे.”

“नाना, नमुना अर्धवट सोडत नाहीत.”

“अगं, दहा टक्के असतातच असं त्याने कुठे म्हटलंय? नव्वद भुसा म्हणाला. बाकीच्याचं काही बोलला नाही.” ते रस्त्याकडे बघत होते. “तो स्टेशनवरचा माणूस. मला आता वाटतं, त्याला झोप लागली असेल. डोळे उघडे ठेवून झोपतात काही लोक. वाऱ्याने पान उलटलं असेल.”

मयुरीने घड्याळ बघितलं. ती आत गेली. कामावर जायची वेळ झाली होती, पण ती ओट्याशी उभी राहिली. तापवलेलं दूध नव्हतं म्हणून तिने पातेलं काढलं आणि सवयीने मापानेच ओतलं. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नाना येऊन बसले होते.

“तू म्हणतेस म्हणून,” ते म्हणाले. “एक.”

त्यांनी ढिगातलं वरचं उचललं. कव्हरवर सत्तावीस होतं. मयुरीने गॅस लावला आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली, पंख्याच्या बटणाजवळ, जिथून त्यांना ती दिसत नव्हती.

आठवं पान गेलं. दहावं गेलं. नानांनी चष्मा वर सरकवला. एकदा ते नाकातून हसले. त्यांची मान हळूहळू पुढे गेली. मयुरीने कव्हराकडे बघितलं. त्यांनी ते मागे दुमडून धरलं होतं. दुधावर साय धरली, साईच्या कडेने बुडबुडे आले. नानांचा हात बटणाकडे गेला नाही. त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं.

साय फुगली. मयुरीने एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबली. आत्ता गॅस बंद केला तर दूध वाचलं असतं. मोजणी मेली असती. ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

दूध काठावरून उतरलं, ओट्यावर पसरलं, तिथून फरशीवर आलं आणि नानांच्या चपलेखालून पुढे गेलं. बर्नर चर्र करून विझला. मयुरी पाय न वाजवता गेली आणि तिने बटण फिरवलं. नानांनी डोकं वर केलं नाही.

“मयुरी,” ते म्हणाले, “जरा बाजूला हो. उजेड अडतोय.”

ती बाजूला झाली. दूध निवेपर्यंत थांबली. मग प्रयोगशाळेतून आणलेला मापाच्या रेषांचा पेला काढला, पातेलं तिरपं केलं, आणि डोळा रेषेच्या पातळीवर आणून आकडा वाचला.

पुस्तक क्रमांक सत्तावीस. घेतलेलं दूध पाचशे मिलिलिटर. उरलेलं तीनशे दहा.